दोन हातांचं अंतर: बडोद्यातल्या चित्रकारांसाठी आणि चित्रं घेणाऱ्यांसाठी ऑनलाइन मंच कसा उभारावा

रावपुऱ्यात आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका दुपारी फाइन आर्ट्सची एक मुलगी स्वतःची तीन एचिंग (धातूच्या पत्र्यावरून हाताने काढलेली छापचित्रं) माउंट करायला घेऊन आली. तिच्या शेजारी कारेलीबागेतल्या एक काकू बाजारातून आणलेल्या फुलांच्या छापील पोस्टरसाठी सोनेरी पट्टी निवडत होत्या. पोस्टर आणि फ्रेम मिळून काकूंचे साडेतीन हजार होणार होते. मुलीच्या एका एचिंगची किंमत तीन हजार होती. दोघी दोन हातांवर उभ्या होत्या आणि एकमेकींच्या पिशवीत काय आहे हे दोघींना ठाऊक नव्हतं. मी तेव्हा काही बोललो नाही, त्याची हळहळ अजून वाटते.

पुढे सॉफ्टवेअरचं काम करणारा माझा मावसभाऊ, पाच-सहा चित्रकार आणि मी, असे मिळून आम्ही बडोद्यापुरता एक छोटा ऑनलाइन मंच सुरू केला. तो करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. इंदूर, ग्वाल्हेर, कोल्हापूर, कुठेही असा मंच उभा करायचा असेल तर यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी माणसांकडे जा

डिझाइनची पहिली रेघ ओढण्याआधी पंधरा चित्रकार आणि पंधरा घेणारे यांच्याशी बसून बोला. फोनवर नको, घरी किंवा स्टुडिओत जा. घेणाऱ्याला “तुम्हाला असा मंच आवडेल का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. “शेवटचं कोणतं चित्र आवडलं आणि तरी घेतलं नाही? का?” असं विचारा. आम्हाला मिळालेली उत्तरं फिरून फिरून चारच होती. किंमत विचारायचा संकोच वाटला. हे किती दिवस टिकेल कळेना. अस्सल आहे की छापील, समजेना. आणि घरच्या भिंतीवर कसं दिसेल याचा अंदाज येईना. चित्रकारांची भीती वेगळी होती: कोणी नक्कल करेल, घासाघीस होईल, पाठवताना काच फुटेल, पैसे अडकतील.

ही आठ उत्तरं कागदावर लिहून भिंतीला लावा. मंचावरचं प्रत्येक पान त्यातल्या एका तरी उत्तराला भिडलं पाहिजे. खरेदीचं बटण कोणीही बनवून देतं. माणूस त्या बटणापर्यंत पोचण्याआधी जे बोलणं व्हावं लागतं, ते नीट घडवणं हे आपलं खरं काम.

बडोद्यात चित्रकारांची वाण कधीच नव्हती. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन सुरू झालं. १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी उभी राहिली आणि मूळच्या इंदूरच्या ना. श्री. बेंद्र्यांनी तिथला चित्रकला विभाग घडवला. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, तांबेकर वाड्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. आजही शिकायला आलेली कितीतरी मुलं इथेच स्टुडिओ थाटून राहतात. त्यांची नावं दिल्ली-मुंबईत पोचतात, पण मांजलपुरात नवं घर घेतलेल्या कुटुंबाला ती माहीत नसतात. मंचाने हे अंतर मिटवायचं आहे. म्हणून पहिलं वर्ष शहराबाहेर पाहू नका. चाळीस कलाकार, प्रत्येकी पाच कामं, एवढं पुरे. दोनशे चित्रं नीट मांडणं हे दोन हजार चित्रं ओतण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

एका चित्राची नोंद

सगळा डोलारा या नोंदीवर उभा राहतो, म्हणून इथे घाई करू नका. नाव, वर्ष, उंची बाय रुंदी (फ्रेमसकट आणि फ्रेमशिवाय, इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये), माध्यम, कशावर काढलं आहे, सही कुठे आहे, सध्या चित्र कुठे ठेवलं आहे, फ्रेम केलेलं आहे का, वजन. “मिक्स्ड मीडिया” एवढंच लिहिलेलं स्वीकारू नका. “हातकागदावर शाई, जलरंग आणि सोन्याचा वर्ख” असं लिहून घ्या. कागद किती जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), आम्लविरहित आहे का, रंग कलाकाराच्या दर्जाचे की विद्यार्थ्यांच्या, हेही विचारा. “किती टिकेल?” या प्रश्नाचं उत्तर याच ओळीत असतं. साध्या कागदावरचं काम आणि सूर्यप्रकाश यांचं काय होतं ते फ्रेमवाल्याला रोज दिसतं: कडा पिवळ्या, मधला रंग विटलेला.

छापचित्रांसाठी वेगळा साचा करा. बडोद्यात एचिंग, लिथोग्राफ (शिळाछाप), वुडकट (लाकडी ठशाची छाप) करणारे भरपूर आहेत आणि घेणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. “प्रिंट आहे” म्हटलं की लोकांना वाटतं झेरॉक्स. म्हणून नोंदीत तीन स्पष्ट प्रकार ठेवा: एकमेव मूळ काम, कलाकाराने ठशावरून हाताने काढलेलं छापचित्र, आणि मूळ चित्राचा फोटो काढून यंत्रावर छापलेली प्रत. दुसऱ्या प्रकारात आवृत्तीचा आकडा हवाच. खाली पेन्सिलीने ७/२५ लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी. हे दोन ओळींत समजावणारी टीप प्रत्येक छापचित्राच्या पानावर आपोआप येऊ द्या. सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती ही एक नोंद आणि तिच्या पोटात प्रत्येक प्रतीची स्वतंत्र नोंद अशी रचना करा, नाहीतर ७/२५ विकली गेली की अख्खं चित्रच “विकलं” दिसतं. आमचं पहिल्या महिन्यात तसंच झालं.

हा फरक बडोदेकरांना समजवायला राजा रविवर्म्याची गोष्ट मी नेहमी सांगतो. सयाजीरावांसाठी त्यांनी पुराणातल्या प्रसंगांची चौदा तैलचित्रं काढली. पुढे १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. राजवाड्यातलं तैलचित्र आणि आजीच्या देवघरातली ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी छापील प्रत) या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींना मोल आहे, पण एकीला दुसरीच्या नावाने विकणं ही फसवणूक.

याच ओघात एक सावधगिरी. जुन्या वाड्यांतून लोक आजोबांच्या काळातली चित्रं विकायला आणतील. घेऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली परवाना लागतो. रविवर्मा, नंदलाल बोस अशा काही चित्रकारांच्या कामांना तर देशाबाहेर नेण्याचीच बंदी आहे. मंच हयात कलाकारांच्या स्वतःच्या कामापुरता ठेवा आणि तसं पहिल्या पानावर लिहा.

फोटो

कलाकारांना फोटोचा एक कागद द्या, त्यात एवढंच असावं: सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी, चित्र भिंतीला सरळ टेकवून, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर धरून, फ्लॅश बंद. फोन स्टँडवर ठेवा आणि टायमर लावा. काच असलेलं चित्र फ्रेमिंगच्या आधीच टिपा, नंतर त्यात तुमचाच चेहरा दिसतो.

प्रत्येक कामाचे पाच फोटो सक्तीचे करा: पूर्ण चित्र, पोत दिसेल असा जवळचा तुकडा, सही, पाठची बाजू, आणि खुर्ची किंवा सोफ्याशेजारी टांगलेलं चित्र. शेवटच्या फोटोने माझ्या मते अर्धी विक्री होते. पाठचा फोटो कलाकारांना आधी अनावश्यक वाटतो, पण घेणाऱ्याचा विश्वास पाठीवरून बसतो: कॅनव्हास कसा ताणला आहे, खिळे गंजलेत का, बुरशीचे डाग आहेत का, सगळं तिथे दिसतं.

मोठ्या बाजूला दोन हजार पिक्सेलपेक्षा मोठा फोटो लोकांना उतरवून घेता येऊ नये. नकलेची भीती पूर्ण जात नाही, पण मोठ्या आकारात छापण्याजोगी फाइल तरी हातात पडत नाही. फोटोवर भलंमोठं वॉटरमार्क मारू नका, चित्राचा जीव जातो.

किंमत उघडी ठेवा

यावर आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला. चित्रकारांना “किंमत विचारा” असं लिहायचं होतं. मी ठाम राहिलो, आज त्याहून जास्त ठाम आहे. दांडिया बाजारातली शिक्षिका “किंमत विचारा” वाचून निघून जाते, कारण विचारून परवडली नाही तर तिला ओशाळं वाटतं. किंमत लिहिलेली असली की ती चित्रापाशी थांबते.

पण किंमत ठरवायची कशी हे नव्या कलाकारांना कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून मंचावर एक गणकयंत्र द्या. प्रचलित पद्धती दोन. एक चौरस इंचाची. २४ बाय ३६ इंचाचं चित्र म्हणजे ८६४ चौरस इंच, दर २० रुपये धरला तर १७,२८०. दुसरी पद्धत उंची अधिक रुंदीची. २४ आणि ३६ मिळून ६०, दर ३०० रुपये धरला तर १८,०००. मधल्या आकारात दोन्ही सारख्याच वाटतात, फरक टोकांना कळतो. १२ बाय १२ चं लहान चित्र पहिल्या पद्धतीने २,८८० ला जातं, दुसरीने ७,२०० ला. ४८ बाय ६० चं मोठं चित्र पहिलीने ५७,६००, दुसरीने ३२,४००. नव्या कलाकाराने लहान कामांत फार स्वस्त आणि मोठ्यांत फार महाग होऊ नये यासाठी मी दुसरी पद्धत सुचवतो. साहित्य आणि फ्रेमचा खर्च त्यावर वेगळा.

एक नियम मात्र सक्तीचा: तेच चित्र प्रदर्शनात, स्टुडिओत आणि मंचावर एकाच किमतीला. स्टुडिओत स्वस्त मिळतं हे एकदा पसरलं की मंचावरून कोणी घेत नाही.

पाहणं, राखून ठेवणं, विकणं

मूळ चित्र एकच असतं, ही गोष्ट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. बाजारात मिळणारे तयार दुकानाचे साचे साबणाच्या शंभर वड्यांसाठी बनलेले असतात. आमच्याकडे एकदा एकाच शनिवारी एक चित्र प्रदर्शनात दुपारी गेलं आणि मंचावर रात्री. कलाकाराला दोन घरांची माफी मागावी लागली. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येक कामाच्या पाठीवर क्यूआर कोडचं लेबल लावलं. चित्र कुठेही विकलं गेलं की कलाकार फोनने तो कोड टिपतो आणि मंचावरची स्थिती तिथल्या तिथे बदलते. आणि स्थिती चार ठेवल्या: उपलब्ध, राखून ठेवलेलं, प्रदर्शनात गेलेलं, विकलेलं. विकलेली चित्रं काढून टाकू नका. त्यांच्याकडे पाहून लोकांना कळतं की इथे खरंच कोणी घेतं.

“राखून ठेवा” हे आमचं सर्वांत उपयोगी बटण ठरलं. पैसे न भरता ४८ तास, एका माणसाला एका वेळी एकच चित्र. या दोन दिवसांत घरी विचारलं जातं, भिंत मोजली जाते. राखून ठेवताच कलाकाराला सूचना जाते आणि दोघांना बोलायला एक खिडकी उघडते. तिथे फोन नंबर आपोआप दाखवू नका, दोघांनी मान्य केल्यावरच दिसू द्या. एकट्या राहणाऱ्या चित्रकर्त्रींनी हे आग्रहाने मागितलं होतं.

शहरापुरता मंच असल्याचा मोठा फायदा म्हणजे चित्र डोळ्यांनी पाहता येतं. दोन सोयी करा. महिन्यातल्या एका रविवारी पाच-सहा स्टुडिओ उघडे ठेवा, एकाच भागातले, म्हणजे लोक पायी फिरतील. आणि शहरात “तीन दिवस घरी” ही सोय द्या: चित्राच्या किमतीएवढी रक्कम कलाकाराकडे अनामत भरायची, चित्र घरी टांगून पाहायचं, नको असेल तर परत. आमच्या अनुभवात एकदा भिंतीवर चढलेलं चित्र क्वचितच खाली उतरतं.

ऑर्डरची कामं

आजोबांचं पोर्ट्रेट, नव्या घरासाठी गणपती, दुकानासाठी भिंतभर चित्र अशा मागण्या येणारच. यासाठी वेगळा अर्ज ठेवा: आकार, माध्यम, जागेचा फोटो, तारीख, अंदाजे रक्कम. एक तृतीयांश आधी, एक तृतीयांश कच्चं रेखाटन मान्य झाल्यावर, उरलेले देताना. बदल रेखाटनाच्या टप्प्यावर दोनदा, रंग चढल्यावर नाही.

इथे कायद्याची एक खोच आहे, ती बहुतेक चित्रकारांना माहीत नसते. तयार चित्र विकलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. घेणाऱ्याकडे जातं ते फक्त चित्र. त्याला ते कॅलेंडरवर छापता येत नाही. पण पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, उलट काही ठरलं नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून ऑर्डरच्या करारात “कॉपीराइट कलाकाराकडे राहील” ही ओळ आधीच छापलेली असू द्या. कोणाला बदलायची असेल तर त्याने बोलून बदलावी.

पैसे

पहिले सहा महिने मंचाने पैशाला हात लावू नये, हा माझा स्पष्ट सल्ला. ओळख करून द्या, पावतीचा आणि सत्यता-प्रमाणपत्राचा नमुना द्या, पैसे घेणाऱ्याने थेट कलाकाराला यूपीआयने द्यावेत. मंचाचा खर्च कलाकारांच्या छोट्या वार्षिक वर्गणीतून काढा. याचं कारण असं की विक्रीची रक्कम मंचाच्या मार्फत जाऊ लागली की उलाढाल कितीही लहान असो, मंचाला जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, विक्रीच्या रकमेतून ठरलेला कर गोळा करून दर महिन्याला विवरण भरावं लागतं, आणि कलाकाराचं चित्र पुण्याला विकलं की राज्याबाहेरच्या विक्रीचे नियम लागतात. तो टप्पा येईल तेव्हा सीएला शेजारी बसवूनच पुढे जा.

पुढे पैसे मंचातून घ्यायचेच असतील तर दुसऱ्याची रक्कम स्वतःच्या बँक खात्यात साठवू नका. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट कंपनीकडून रक्कम विभागून थेट कलाकाराच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था घ्या, आणि चित्र पोचल्यानंतर तीन दिवसांनी ती मोकळी होऊ द्या. गॅलऱ्या साधारणपणे विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाटा घेतात. भिंत, दिवे, माणसं यांचा खर्च त्यांच्यावर असतो, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. आपल्याला तो खर्च नाही. दहा-बारा टक्क्यांच्या वर जाऊ नका.

तक्रारीसाठी एका खऱ्या माणसाचं नाव आणि संपर्क मंचावर हवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं.

भाषा

बडोद्यात घरात मराठी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी-इंग्रजी असा दिवस जातो. मंच चारही भाषांत ठेवा, पण कलाकाराने स्वतःबद्दल लिहिलेलं त्याच्याच भाषेत राहू द्या आणि खाली भाषांतर द्या. शोधताना लोक रोमन लिपीत “गणपती” तीन-चार तऱ्हांनी लिहितात, सगळ्या जुळल्या पाहिजेत. वर्गवारीत शैलींची नावं मागे आणि घेणाऱ्याचे शब्द पुढे ठेवा: “तीन हजारांच्या आत”, “भेट द्यायला”, “बैठकीच्या खोलीसाठी”.

पुढे छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासी कलाकारांना मंचावर आणताना लिहिण्याची सक्ती काढून टाका. पिठोरा हे मुळात नवसाचं भित्तिचित्र. ते काढणारे लखारा आणि विधी करणारा बडवा, दोघांना त्यात मान असतो. कॅनव्हासवर विकायला ठेवलेल्या कामाची ओळख कलाकाराच्या आवाजातल्या दोन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून द्या: घोडे कोणाचे, कोणता भाग फक्त विधीसाठीच काढतात, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. परेश राठवा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून पिठोऱ्याबद्दल कुतूहल वाढलं आहे, आणि त्याबरोबर नकलाही. नोंदीत कलाकाराचं नाव आणि गाव हवंच. नुसतं “आदिवासी डेकोर” असं काम आलं तर परत पाठवा.

पॅकिंग आणि पावसाळा

हे माझं रोजचं काम, पण थोडक्यात सांगतो. कागदावरच्या कामाला आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग दोन हार्डबोर्डांच्या मध्ये, कोपऱ्यांना फोम. बाहेरगावी काच पाठवू नका, ॲक्रिलिक शीट लावा. कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळीवर. जाड थराचं तैलचित्र गुंडाळूच नका. चित्राला काच चिकटू नये म्हणून मध्ये माउंटचं (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर हवंच, नाहीतर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते.

मंचाने चित्रांचा साठा स्वतःकडे ठेवू नये, ती कलाकाराकडेच राहू द्यावीत. आणि जून ते सप्टेंबर प्रत्येकाला विचारा की कामं तळमजल्यावर तर नाहीत ना. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर आमच्या दुकानात आलेली फुगलेली, मातीने माखलेली चित्रं मी विसरू शकत नाही.

मंच चालू झाल्यावर

चित्रांना तारे देण्याची सोय ठेवू नका. पॅकिंग, वेळ आणि बोलणं यांवर मत मागा, कलेवर नको. नकलेची तक्रार आली तर काम आधी झाका, दोन्ही बाजूंची कच्ची रेखाटनं मागवा आणि तीन ज्येष्ठ कलाकारांकडून सात दिवसांत निर्णय घ्या. एआयने बनवलेली प्रतिमा तशी लिहूनच लावता येईल, हाताच्या कामाच्या रांगेत नाही.

तीन महिन्यांनी आकडे पाहायला बसाल तेव्हा भेटींची संख्या बाजूला ठेवा आणि ज्यांनी चित्र राखून ठेवून सोडून दिलं त्यांची यादी काढा. त्या प्रत्येकाला फोन करा. आम्ही केले, तेव्हा एक उत्तर वारंवार आलं: भाड्याचं घर आहे, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही १२ इंचांपर्यंतच्या प्रत्येक कामाबरोबर टेबलावर ठेवायच्या लाकडी स्टँडचा पर्याय दिला आणि यादीतल्या लोकांना पुन्हा फोन केले.